लक्ष्मम्माचं पिंप

परवा स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर आमच्याच वाडीतला एक शहाणा दुसऱ्याला सांगत होता, "लक्ष्मम्मा म्हणजे ती हो, निजामाच्या काळात दारू गाळायची ती धनगरीण." माझा चहा तिथंच कडू झाला. मी वळून म्हणालो, "गाळायची नाही. मुरवायची." तो हसला आणि म्हणाला, "एकच की हो."

एकच? ज्याला गाळणं आणि मुरवणं यातला फरक कळत नाही त्यानं लोणच्याच्या बरणीलासुद्धा हात लावू नये, माणसांबद्दल बोलणं तर लांबच. गाळायला भट्टी लागते, नळी लागते. एका दुपारीत काम उरकतं आणि संध्याकाळी प्यालेला माणूस नालीत सापडतो. मुरवायला नुसतं थांबावं लागतं. ऐन उमेदीची वर्षं लक्ष्मम्मानं थांबण्यात घालवली आणि तिच्या नावावर काय उरलं, तर दारू गाळणारी. म्हणून हे लिहितोय. रागात लिहितोय, आणि राग निवेपर्यंत थांबायचा माझा विचार नाही.

आधीच सांगून ठेवतो, पिणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. आमचं घर लिंगायत वाण्याचं. दारूचा थेंब आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. पण भिंतीला भिंत लागून लक्ष्मम्माचं घर होतं, आणि माझी आई उमाबाई तिची एकुलती मैत्रीण. हे सगळं आईनं डोळ्यांनी पाहिलेलं. मला तिनं ते इतक्यांदा सांगितलंय की आता मीच तिथं उभा होतो असं वाटतं.

आमची वाडी तुळजापूरहून नळदुर्गला जाताना डाव्या हाताच्या माळावर. निम्मी घरं धनगरांची, उरलेली आमच्यासारख्यांची आणि कुणब्यांची. घरात कानडी, रस्त्यावर मराठी आणि चावडीत उर्दू, असा तेव्हाचा कारभार. लक्ष्मम्मा आळंदच्या बाजूनं लग्न होऊन आली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की माळावरची मेंढरं घरातून हाकता यावीत. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणायचे. आई म्हणायची, शेंडा कसला, सगळं नाकच रागाचं. तिचा नवरा बिराप्पा मात्र हसरा. बायको ओरडायला लागली की हा घोंगडं अंगाभोवती घेऊन ऐकत बसायचा, जसं काही कुणी गाणं म्हणतंय.

माळावरच्या बिरोबाच्या जत्रेला धनगरांच्या प्रत्येक घरात 'मोडाचं' करायची चाल होती. ज्वारी भिजवायची, ओल्या घोंगड्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवून जात्यावर भरड काढायची आणि पातळ शिजवून त्यात गूळ आणि बाभळीची साल टाकायची. निवलं की गेल्या सालचा तळाचा गाळ त्यात घालायचा. त्या गाळाला मुरवण म्हणायचे. दह्याला विरजण तसं ह्याला मुरवण. मग ते फसफसायला लागायचं. धनगर म्हणायचे, 'बोलायला लागलं'. चव आंबूस, तुरट. चार वाडगी प्याल्यावर माणूस फार तर मोठ्यानं हसायचा. पहिलं वाडगं बिरोबाला, मग घरच्या मालकाला, मग बाकीच्यांना.

आता निजामाच्या राज्यात पिणं हा गुन्हा नव्हता बरं का. घरचं पिणं हा गुन्हा होता. प्यायचं तर गुत्तेदाराच्या, म्हणजे सरकारी ठेकेदाराच्या, दुकानातली शिंदी प्या, म्हणजे सरकारचं पोट भरेल. घरात मडक्यात काही फसफसलं तर आबकारीचा जमादार येऊन मडकं लाथेनं फोडणार. लोकांनी दारू सोडावी म्हणून कुणी मडकी फोडत नव्हतं, दुकानात जावं म्हणून फोडत होतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत बिराप्पा घोंगड्या विकायला सोलापूरला गेला आणि येताना एक पिंप घेऊन आला. लाकडी, मधे फुगलेलं, लोखंडी पट्ट्या आवळलेलं. गोऱ्या पलटणीची दारू त्यातून यायची म्हणे. मालधक्क्यावर रिकामं पडलेलं हे पिंप त्यानं दोन घोंगड्यांच्या बदल्यात उचललं आणि मेंढरांच्या मागून माळामाळानं लोटत आणलं. सोलापूर इंग्रजाचं, आमचं राज्य निजामाचं, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरच्या शिपायानं अडवलं. हे काय? बिराप्पानं पिंपावर दोन्ही हातांनी ताल धरला आणि म्हणाला, "बिरोबाचा ढोल हाय जी. चामडं तेवढं राहिलंय." शिपायानं सोडलं. घरी आल्यावर लक्ष्मम्मा त्याच्यावर तासभर ओरडली, "दोन घोंगड्या देऊन ह्ये पोटुशी लाकूड आणलं व्हय!" आणि ओरडून झाल्यावर तिनंच त्याच्या फटींत लोकर कोंबली, वरून मेण चोपडलं आणि लाकूड फुगावं म्हणून त्यात पाणी भरून ठेवलं.

पिंप ठेवायचं कुठं हा प्रश्न लेव्हीनं सोडवला. लढाईपायी सरकारनं धान्याची सक्तीची लेव्ही बसवली, तेव्हा त्यांच्या परड्यातलं पेव लेव्हीच्या माणसांनी कुदळीनं उकरून रिकामं केलं होतं. पेव म्हणजे मुरमात खोल खणलेलं धान्याचं कोठार, वर अरुंद तोंड आणि आत हंड्यासारखं पोट. आता कोठार होतं आणि धान्य नव्हतं. उकरल्यानं तोंड रुंद झालंच होतं. बिराप्पानं पिंप त्यातून आत सोडलं आणि तोंड दगडांनी बांधून पुन्हा माणूस जाईल एवढंच ठेवलं. आत बारमाही गारवा. मडक्यातलं मोडाचं जत्रेपुरतं टिकायचं, पिंपातलं वर्षानुवर्षं मुरेल, आणि त्याला चव येईल अशी त्याला आशा होती. दोघांनी मिळून ते काठोकाठ भरलं, वर माती लिंपली आणि हवा निघायला एक बोरूची नळी ठेवली.

ते भरलं त्याच हंगामात कुरणात मेंढरं शिरली म्हणून राखणदारानं बिराप्पाच्या गाभण मेंढीच्या पोटात काठी घातली. मेंढी तिथंच पडली. हसऱ्या माणसाला आयुष्यात एकदाच राग आला, आणि त्यानं राखणदाराचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी हातात बेड्या. वेशीपर्यंत लक्ष्मम्मा शिव्या घालत मागून गेली, राखणदाराला, शिपायांना आणि नवऱ्यालासुद्धा. बिराप्पा वळून एवढंच म्हणाला, "पिंप फोडू नगं, लक्षे. मुरू दे. म्या आलो की बिरोबाला वाडगं दिऊ आन् बसू."

त्याला गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेलं. त्यानंतर कुठली खबर नाही की निरोप नाही. तिला लिहिता येत नव्हतं, त्याला वाचता येत नव्हतं. शिक्षा संपली तरी माणूस आला नाही. कुणी म्हणालं तुरुंगात मारामारी झाली, शिक्षा वाढली. कुणी म्हणालं हगवणीनं गेला. चावडीत विचारायला गेली तर तिथला कारकून उर्दूत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. तेव्हा तिनं चावडीत विचारणं सोडलं आणि पिंपाला विचारायला लागली.

हसू नका. माणसाला कुठंतरी विचारावं लागतं. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पिंप बोलतंय तोवर मालक जिवंत आहे. दर साली नवी ज्वारी शिजवून ती पिंपात भर घालायची, कारण लाकूड थोडंथोडं पिऊन टाकतं. लेव्ही देऊन घरात खायला उरायचं नाही तेव्हा ती एक वेळ उपाशी राहिली, पण पिंप उपाशी ठेवलं नाही. जत्रेला बिरोबाला वाडगं दिलं ते मडक्यातलं. पिंपातलं भर घालतानासुद्धा कधी चाखलं नाही. महिन्यातून एखाददा आत उतरून ती पिंपाला कान लावायची. वर आली की आई विचारायची, "काय म्हणतंय?" ती म्हणायची, "बोलतंय." त्या दिवशी ती कुणावर ओरडायची नाही.

उतरण्याची मात्र रीत होती. पेवात हवा कोंडते, आणि मोडाचं बोलत असेल तर जास्तच. ती हवा जड, तळाशी बसते. दिसत नाही, माणूस आत गेला की झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही. म्हणून आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर घोंगड्याला दोर बांधून ते पेवात वरखाली झोडपायचं, म्हणजे हवा ढवळून निघते. मग पुन्हा कंदील. आमच्या वाडीत पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असेल. कंदील आधी, माणूस मागून.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सगळीकडं गडबड होती. सरहद्दीपलीकडच्या कँपातून येऊन काँग्रेसवाले सरकारी शिंदीची झाडं तोडत होते, म्हणजे निजामाचा महसूल बुडेल. गुत्तेदार ओरडायला लागले. मग आबकारीचे लोक गावोगाव घरची मडकी हुडकत फिरायला लागले, म्हणजे लोक झक मारत दुकानात येतील. आमच्याकडं आला बलभीमराव जमादार. आपल्यातलाच, मराठी बोलणारा. निजामाचा राज्यकारभार काय वरून पडलेल्या माणसांनी चालवला नव्हता, असल्या बलभीमरावांनीच चालवला होता. त्याला कुणी सांगितलं ते कधी कळलं नाही. आईला एका घराचा संशय होता, पण तिनं नाव घेतलं नाही, मग मीही घेत नाही.

ऐन दुपारी दोन शिपाई घेऊन तो परड्यात आला आणि पेवावरची फरशी सरकवायला लावली. आतून आंबूस वास आला. जमादाराच्या मिशा हलल्या.

"आत काय आहे?"

"पिंप हाय," लक्ष्मम्मा म्हणाली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "पर आत वाईट हवा हाय साहेब. एकदम उतरू नगा. कंदील सोडा आधी."

"अस्सं? आणि कंदील आणायला तू जाणार, तवर तुझी माणसं पिंप रिकामं करणार."

"माजी माणसं? एकच हाय, त्ये बी तुमच्याच तुरुंगात. म्या सांगती ते ऐका, मरशिला."

जमादार शिपायांकडं बघून हसला. "ह्या बायांचं हेच. जिथं दारू तिथं भूत." शिपायांना आत पाठवायची त्याची तयारी नव्हती, कारण ते आधी स्वतःच पिऊन घेतील हे त्याला ठाऊक होतं. कोट काढला आणि टोपीसकट स्वतःच उतरला. पेवाच्या भिंतीला पाय ठेवायला खाचा होत्या. खालून आवाज आला, "आहे! चांगलं मोठं आहे!" मग काहीतरी घासल्यासारखं झालं. मग काहीच नाही.

शिपाई वाकून "साहेब, साहेब" करत राहिले. एकाचीही उतरायची हिंमत होईना. आवाज ऐकून आई परड्यात धावत गेली तेव्हा लक्ष्मम्मा कमरेवर हात ठेवून तोंडाशी उभी होती. आई म्हणायची, "तिच्या तोंडाकडं बघवत न्हवतं. त्या घडीला ती आत जातीया का फरशी लोटतीया, मला सांगता आलं नसतं." आणि खरंच, फरशी लोटायची तरी काय गरज होती? तशीच उभी राहिली असती तरी काम झालं असतं. तिनं सांगितलं होतं, शिपायांच्या देखत सांगितलं होतं. कुठल्याच कोर्टात तिच्यावर ठपका आला नसता.

तिनं एक कचकचीत शिवी घातली, खांद्यावरचं घोंगडं दोराला बांधलं आणि पेवात झोडपायला लागली. शिपायांना म्हणाली, "बघताय काय मुडद्यांनो, दुसरा दोर आणा." घोंगडं झोडपून झाल्यावर दोर कमरेला बांधून ती स्वतः उतरली. जमादार तळाशी पडला नव्हता, भिंतीच्या खाचेत पाय अडकून निम्म्यावर लोंबकळत होता, म्हणून वाचला. तिनं त्याला दोर बांधला. शिपाई, आई आणि शेजारच्या दोघांनी मिळून ओढला. निळा पडला होता. तोंडावर पाणी मारलं तेव्हा ओकला, मग डोळे उघडले, मग बराच वेळ खोकला.

आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"माझी टोपी खाली राहिली."

एक शिपाई टोपी आणायला उतरला. बिनधास्त उतरला, कारण आतली हवा आता साफ होती. ती साफ कुणी केली होती? टोपी आली. जमादारानं ती झटकली, डोक्यावर ठेवली, घातल्यावर त्याला आपण कोण हे आठवलं, आणि तो म्हणाला, "पिंप वर काढा." पिंप तोंडातून निघेना. "मग आतच फोडा."

तिच्या घोंगड्यानं केलेल्या वाटेवरून दोघं शिपाई कुऱ्हाडी घेऊन खाली गेले. लक्ष्मम्मानं एकाच्या कुऱ्हाडीचा दांडा वरच्या वर धरला होता. जमादारानं तिचे हात शेजाऱ्यांना धरायला लावले आणि त्यांनी ते धरले. आमच्या वाडीनं. ह्याचीही लाज वाटायला हवी. ती ओरडत होती, "साहेब, माज्या मालकाचं हाय वो ते! त्येचा जीव हाय त्यात!" जमादाराला वाटलं, बाई दारूबद्दल बोलतेय.

खालून लाकडाचा आवाज आला. मग भडभड. पिंपाची दोन्ही तोंडं फुटली, पट्ट्यांची कंबर तेवढी शाबूत राहिली. इतक्या सालांचं मोडाचं पेवाच्या मुरमात बघताबघता मुरून गेलं. जमादारानं खटला भरला नाही. उपकार म्हणून नव्हे. खटला भरला असता तर आपल्याला वर कुणी काढलं तेही सांगावं लागलं असतं.

पिंपाची गोष्ट एव्हाना सगळ्या धनगरांना ठाऊक होती, आणि तिच्याइतकीच त्यांनाही ती खरी वाटत होती. तिसऱ्या दिवशी चार जुन्या बाया तिच्या दारात आल्या. पिंप गप झालं, म्हणजे बिराप्पा गेला. आता कपाळ पुसायला हवं, बांगड्या उतरवायला हव्यात. वाईट बाया नव्हत्या त्या, रडतच आल्या होत्या. लक्ष्मम्मा मुसळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "पिंप फुटलंय. माजं कुकू फुटलं न्हाय. बांगडीला हात लावील तिचा हात ठिवणार न्हाय." बाया मागं फिरल्या.

पण त्याच दुपारी आई परड्यात गेली तर ही पेवात खाली, फुटक्या पिंपाशेजारी, जमिनीला कान लावून पालथी पडलेली.

"यव्वा, काय ऐकतीस?"

"मुरलंय का गेलं, त्ये बघतीया," ती म्हणाली. आवाज ओळखीचा नव्हता. आईनं तिला इतकं भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं. मग आईही खाली उतरली. गळ्यात लिंग असलेल्या वाण्याच्या सुनेनं त्या दिवशी पिंपाच्या फळ्यांना चिकटलेला गाळ बोटांनी खरवडला आणि लक्ष्मम्मानं पुढं केलेल्या मडक्यात गोळा केला. तेवढंच मुरवण वाचलं. लक्ष्मम्मानं उरलीसुरली ज्वारी त्यात घातली. ते मडकं बोलायला लागलं की नाही हे आई विचारायची नाही, आणि लक्ष्मम्मा सांगायची नाही.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, तुरुंग उघडले. दिवाळीच्या सुमारास एक हाडांचा सापळा सोलापूरच्या वाटेनं चालत वाडीत आला. केस पांढरे, पुढचे दात नाहीत. लक्ष्मम्मा दारात शेण कालवत होती. तिनं वर बघितलं आणि ओरडली, "इतका उशीर?" मग जे तोंड सुटलं ते सगळ्या वाडीनं ऐकलं. त्याला, राखणदाराला, तुरुंगाला, जमादाराला, बिरोबालासुद्धा तिनं सोडलं नाही. शिव्या संपल्या तेव्हा शेणाच्या हातांनी तोंड झाकून ती मोठ्यानं रडली. बिराप्पा घोंगडं अंगाभोवती घेऊन ऐकत बसला, पहिल्यासारखा.

तिनं मडक्यातलं एक वाडगं बिरोबाला ठेवलं, दुसरं त्याला दिलं. त्यानं घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाला, "कवळं हाय गं. आजून मुरू दे."

"आता म्या न्हाय मुरवायची," लक्ष्मम्मा म्हणाली. "लई मुरवलं. नाक्यावर काय म्हणला हुतासा? ढोल हाय म्हणून? करा मग ढोल."

त्यानं पेवाचं तोंड फोडलं, पिंपाची राहिलेली कंबर वर काढली, पट्ट्या पुन्हा ठोकल्या आणि दोन्ही बाजूंनी बकऱ्याचं चामडं चढवलं. गोऱ्या पलटणीचं पिंप अखेर बिरोबाचा ढोल झालं.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णासाहेब पाटलांनी चावडीपुढं मांडव घातला. निजामाच्या काळातही हेच पाटील होते आणि मांडवही बहुधा तोच. दारूबंदीवर भाषण होतं. पाहुणे म्हणून कोण आलं असेल? बलभीमराव. नोकरी तीच, अंगावर खादी, डोक्यावर पांढरी टोपी. पाटलांनी हार घातला. बलभीमराव उभे राहिले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, ह्या वाडीशी माझं रक्ताचं नातं आहे. सरकारी नोकरीत राहून आम्ही आतून लढत होतो. जुलमी निजामाचा महसूल बुडावा म्हणून मी स्वतः, जिवाची पर्वा न करता, ह्याच वाडीत एका विषारी पेवात उतरून दारूचं पिंप फोडलं. मरणाच्या दारातून परत आलो!"

टाळ्या पडल्या. ज्यांनी तिचे हात धरले होते त्यांनीही वाजवल्या.

बायकांतून लक्ष्मम्मा उठली. "साहेब, दारातनं परत आणलं कुणी, त्ये बी सांगा की."

बलभीमराव गडबडले नाहीत. असली माणसं गडबडत नाहीत. हात जोडून म्हणाले, "जनतेनं, बाई. जनताच माझी माय." पुन्हा टाळ्या.

लक्ष्मम्मा मांडवातून चालत गेली. बिराप्पा कडेला ढोल घेऊन बसला होता, सभा संपली की वाजवायला पाटलांनीच बोलावला होता. बाईमाणसानं बिरोबाच्या ढोलाला हात लावायचा नाही अशी रीत. तिनं ढोल त्याच्या मांडीवरून ओढला, गळ्यात अडकवला आणि मांडवाच्या मधोमध उभी राहून बडवायला लागली. ताल नव्हता, काही नव्हतं. नुसते घाव. बलभीमरावांचं तोंड हलत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. पाटील हात हलवत होते. जुन्या धनगरांपैकी एक तिला थांबवायला उठला. बिराप्पानं त्याचं धोतर धरून खाली बसवला. बलभीमराव खाली बसले तरी ती थांबली नाही. उठून मोटारीकडं निघाले तरी थांबली नाही. मोटारीची धूळ बसली तेव्हा थांबली. बोटांतून रक्त येत होतं. आई सांगायची, कुणीतरी मागून मूठभर भंडारा उधळला, कुणी ते समजलं नाही.

एवढं होऊन झालं काय? बलभीमरावांच्या नावाची व्यायामशाळा आमच्या वाडीत आजही आहे. फलकावर स्वातंत्र्यसेनानी लिहिलंय. आणि लक्ष्मम्मा दारू गाळायची. हॉटेलात बसून लोक सांगतात.

ती खूप म्हातारी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, "त्या दिवशी त्याला कशाला सावध केलंस? आणि वर कशाला काढलंस?" मला वाटलं, माणुसकीचं काहीतरी म्हणेल. आपल्याला असलं ऐकायला आवडतं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरकलो. "पेवात मढं पडलं तर पेव बाटतं. मग त्यातलं बिरोबाला चालतं व्हय रं? बाटलेलं मालकाला पाजू?" मग तिची नजर कोपऱ्यातल्या ढोलाकडं गेली. चामडं फाटलं होतं, पट्ट्यांना गंज चढला होता.

म्हणाली, "पर चुकलंच माजं. बाटलं असतं तर दुसरं भरलं असतं."

हे ती हसत म्हणाली नाही.